चौथ्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट

"आणि मग हे काय करायचे, माहितीये?" वस्तादांच्या बायकोने आवाज खाली आणला, आणि वाचनालयाच्या दालनात बसलेली सगळी माणसं पुढे झुकली. "हे वरती मोटरच्या खोलीत जायचे. हळूच फ्यूज काढायचे, खिशात टाकायचे. मग जिना उतरून थेट आमच्या ऑफिसच्या दारात! चेहरा असा, की हे त्या गावचेच नाहीत. आणि मला विचारायचे, 'बाई, तुमची लिफ्ट बंद पडलीय का हो?'"

दालनात हशा फुटला. खुर्च्या कधीच भरल्या होत्या. कपाटांच्या मधल्या बोळात, खिडकीच्या कट्ट्यावर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे लोक टेकले होते, आणि ते सगळे डोळे पुसत होते.

तिसऱ्या रांगेच्या कडेला वस्ताद बसले होते. गोष्टीतले 'हे' म्हणजे तेच. सगळ्यांबरोबर त्यांनीही हसायला सुरुवात केली, पण ते हसू अर्ध्या वाटेवर चेहऱ्यावरच राहिलं. शेजारी बसलेल्या लंबूने त्यांच्या मांडीवर थाप मारली.

"वस्ताद! छुपे रुस्तम निघालात की तुम्ही! आम्हाला शिकवायचात, एक स्क्रूसुद्धा सैल ठेवायचा नाही, आणि स्वतः फ्यूज खिशात?"

वस्तादांनी मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, ते लंबूला कळलं नाही, आणि त्याला कळून घ्यायचंही नव्हतं. तो हसत होता.

त्या शनिवार-रविवारी वस्तीत कलामेळा होता. बागेत गाणारी मंडळी, शाळेच्या पटांगणात नाटकं, फूटपाथवर चित्रं मांडून बसलेले चित्रकार, आणि वाचनालयात दोन्ही दिवस दुपारी गोष्टी. मेळा भरवणाऱ्यांत वस्तादांची लेक होती, आणि तिने आईला न विचारताच तिचं नाव देऊन टाकलं होतं. तिचंही बरोबर होतं. लग्नानंतर आई जन्मभर शाळेच्या ऑफिसात बसली, पण जीभ कधी ऑफिसात बसली नाही. बाजारातून कांदे आणल्याची हकिकत जरी ती सांगायला लागली, तरी ऐकणारा हातातलं काम टाकून बसायचा.

वस्ताद अगदी उलटे. आयुष्य गेलं लिफ्टच्या दुरुस्तीत. तोंड बंद, हात चालू. नुकतेच निवृत्त झाले होते. कंपनीत त्यांना कुणी नावाने ओळखत नव्हतं, सगळे वस्तादच म्हणायचे. लंबू त्यांच्या हाताखाली तयार झाला, आता स्वतःच पाच-सहा जणांवर मुकादम होता. त्याला आणि कंपनीतल्या इतरांना वस्तादांनीच बोलावलं होतं. "या शनिवारी. आमची 'ही' गोष्ट सांगणार आहे," एवढंच म्हणाले होते, पण फोन ठेवल्यावर आरशासमोर उभं राहून त्यांनी उगाच केस नीट केले होते. त्यांना तिचा अभिमान होता. तिची गोष्ट कुठली, हे विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

आणि गोष्ट निघाली त्यांच्या लग्नाची. लग्नापूर्वी बायको एका ऑफिसात टायपिस्ट होती, चौथ्या मजल्यावर. त्या इमारतीची लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडायची. तिचे जाडजूड साहेब जिना चढून आले की लाल झालेला चेहरा घेऊन आधी पंख्याखाली उभे राहायचे, मग लिफ्ट कंपनीला शिव्या घालायचे, आणि मग दुरुस्तीला वस्ताद यायचे. इथपर्यंत अक्षर न् अक्षर खरं होतं.

फ्यूजचं तेवढं खोटं होतं. वस्तादांनी फ्यूज कधीच काढला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर ते बाहेर आले, तर जो तो त्यांना थांबवत होता. चहाच्या टेबलावरच्या मुलीने कप पुढे करत विचारलं, "काका, फ्यूज आणलाय ना खिशात?" त्यांचे केस कापणाऱ्याने लांबूनच हात जोडले. वस्ताद सगळ्यांकडे बघून हसले. मग गर्दीतून वाट काढत, काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्या एका उंच इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहायच्या, आणि तिथली लिफ्ट कितीतरी वर्षं वस्तादांच्याच हातात होती.

"काय हो," त्या मिस्कीलपणे म्हणाल्या, "आमचीही लिफ्ट मध्यंतरी सारखी बंद पडायची. तेव्हा आमच्या इमारतीत कोण आवडली होती तुम्हाला?"

आजूबाजूचे हसले. बाईही हसल्या, आणि चहा घ्यायला पुढे गेल्या. पण वस्तादांच्या हातातला चहा तसाच राहिला.

संध्याकाळी जेवताना लेकीचं तोंड थांबत नव्हतं. "आई, तू तर मेळा लुटलास! उद्या उभं राहायला जागा मिळणार नाही, बघ."

बायकोचा चेहरा फुलून आला होता. पण तिची नजर सारखी समोर जात होती. "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"चांगली झाली," वस्ताद म्हणाले.

"चांगली म्हणजे?"

"लोक हसले."

"आणि तुम्ही?"

वस्तादांनी घास संपवला. "मी फ्यूज काढला नव्हता."

"अहो, गोष्ट आहे ती! गोष्टीला जरा तिखटमीठ लावावंच लागतं. नाहीतर काय, कोर्टातली साक्ष आहे का?"

"लाव ना. तिखट लाव, मीठ लाव." ते थोडा वेळ ताटाकडे बघत राहिले. "लिफ्टमधे शिरणाऱ्याला मेकॅनिक दिसत नाही. तो कुठेतरी वर असतो, नाहीतर खाली खड्ड्यात. माणूस आपला दार ओढतो, बटण दाबतो. कडेवर लेकरू असतं त्याच्या. कशाच्या जोरावर दाबतो?"

एवढं एका दमात बोललेलं लेकीने बापाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिचा चमचा हातातच राहिला. बायकोचा फुललेला चेहरा उतरला.

"मग उद्या मी दुसरी सांगते," ती म्हणाली.

"नको. लोक हीच ऐकायला येणार."

ते उठले, आपलं ताट विसळलं आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. ती लिफ्ट खरी कशाने बंद पडायची, ते त्यांना ठाऊक होतं. एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. जेवताना ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण इतकी वर्षं गिळलं, तसं आजही त्यांनी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

रविवारी सकाळी बायकोने त्यांचा सदरा इस्त्री केला. मग घडी मोडून पुन्हा एकदा इस्त्री केला. गोष्टीचा सराव काही केला नाही. वस्ताद एकटेच मेळ्यात चक्कर मारून आले. बागेत बायकांचा घोळका गात होता, त्यात त्यांच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या रांगेत डोळे मिटून गाताना दिसल्या. एरवी तोंडात बोटं घालून "आ करा" म्हणणाऱ्या बाई स्वतः एवढा सुंदर आ करतात, याची त्यांना गंमत वाटली. जरा बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात लंबू आला.

"वस्ताद, कंपनीत सगळ्यांना सांगितलं बरं का! आता कुठलीही लिफ्ट बंद पडली, की पहिला प्रश्न हा, वर टायपिस्ट कोण आहे?"

लंबूच्या मनात काही नव्हतं. पोरगा जीव टाकायचा त्यांच्यावर. वस्ताद म्हणाले, "असं होय?" आणि पुढे चालू लागले.

दुपारी वाचनालयात खरोखरच पाय ठेवायला जागा नव्हती. म्हाताऱ्या बाईंना पुढची खुर्ची मिळाली होती. कंपनीतली माणसं घरच्यांना घेऊन आली होती. वस्ताद कालच्याच जागी बसले.

बायको बोलायला लागली आणि पाचच मिनिटांत दालन तिच्या मुठीत आलं. जाडजूड साहेब आले, पंख्याखाली उभे राहिले, लोक हसून हसून लोळायला लागले.

"आणि मग हे काय करायचे, माहितीये?"

माणसं पुढे झुकली. तिने वस्तादांकडे बघितलं. ते मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत होते. रुंद, जाड पंजे, मांडीवर उपडे ठेवलेले.

ती गप्प झाली. लोकांना आधी वाटलं, ही पण गोष्टीतलीच गंमत. पण गप्प राहणं लांबत गेलं. कुणीतरी खोकलं. लेक पाण्याचा पेला घेऊन धावली. बायकोने पेला घेतला, पण प्याली नाही.

वस्ताद उठले.

"पुढचं मी सांगतो," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. लंबूने शिट्टी मारली. वस्ताद पुढे येऊन बायकोच्या शेजारी उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, तेव्हा त्यांनी ते पाठीमागे बांधले.

"लिफ्ट जुनी होती," त्यांनी सुरुवात केली. "जाळीचं दार. ओढून लावायचं. दार पूर्ण लागलं नाही, तर लिफ्ट हलत नाही. हलूच नये. तशीच केलेली असते ती." ते थांबले. "मी तपासणी करून गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी चौथ्या मजल्यावर दार लागत नाही, म्हणून फोन आला. मी गेलो. खाली दार सरकायची पट्टी असते, त्यात काहीतरी अडकलं होतं. काढलं. बघतो तर खोडरबर."

कुणी हसलं नाही. गोष्ट कुठे चाललीय ते कुणालाच कळत नव्हतं. बायकोला मात्र कळलं होतं. तिने पेला लेकीच्या हातात परत दिला.

"गोल खोडरबर. मधे भोक. टाइपरायटरवर वापरतात ते."

मागे कुठेतरी एक बाई फिसकन हसली.

"मी काढलं. लिफ्ट चालू झाली. दोन-तीन दिवसांनी परत फोन. परत गेलो. परत खोडरबर. पण आधीचं नव्हे. नवं कोरं."

"कुणाचं होतं?" खिडकीतून कुणी ओरडलं.

"ते मी सांगणार नाही," वस्ताद गंभीरपणे म्हणाले. "त्या मजल्यावर ऑफिसं बरीच होती."

"आणि टायपिस्ट?" हा लंबू.

वस्तादांनी विचार केला. "एकच," ते म्हणाले.

मग जो हशा उसळला तो काही केल्या थांबेना. लोक एकमेकांवर पडत होते, बायकोकडे बोट दाखवत होते. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि तिचे कान लालबुंद झाले होते. वस्ताद हशा ओसरेपर्यंत शांत उभे राहिले.

"फ्यूजचं म्हणाल," ते म्हणाले, "तर फ्यूज मी काढला नाही. तिथे नाही, कुठेच नाही. कालच्या गोष्टीतलं बाकी सगळं खरं आहे."

म्हाताऱ्या बाईंनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून हे ऐकलं, आणि हळूच मान डोलावली. वस्ताद बायकोकडे वळले. "आता पुढचं तू सांग. तुला ते चांगलं जमतं."

बायकोने तोंडावरचे हात काढले. डोळे भरले होते, पण जीभ ताळ्यावर आली होती.

"तर मंडळी," ती म्हणाली, "खोडरबरं ऑफिसकडून मिळायची, म्हणून परवडलं!"

परतताना दोघं बागेतून चालत आले. ऊन उतरलं होतं. मेळा संपत आला होता, गवतावर खुर्च्या मिटल्याचे आवाज येत होते.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"पहिल्या खोडरबरापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर दुसरं अडकवलं असतंस का?"

ती हसली. मग म्हणाली, "मला वाटलं, बाईमाणसाने असलं केलं म्हटलं तर लोक काय म्हणतील. स्वतःचं नाव घ्यायची लाज वाटली. तुमचं घेताना मात्र नाही वाटली, बघा."

"नाव घ्यायला घरचं माणूस हाताशी असतं."

"रागावलात ना?"

"काल रागावलो होतो."

"एवढ्या वर्षांत कितीदा भांडलो आपण. एकदासुद्धा टोमणा मारला नाहीत खोडरबराचा. मी असते ना, तर रोज मारला असता."

वस्तादांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुझ्याकडे गोष्टी पुष्कळ आहेत," मग ते म्हणाले. "माझ्याकडे ती एकच होती. अधूनमधून आठवायचो. वर मोटरच्या खोलीत एकटा असलो की."

"आणि आज सगळ्यांना देऊन टाकलीत."

"हं. आता सगळ्यांची झाली."

ती त्यांच्या आणखी जवळून चालू लागली.

गाणाऱ्यांचा मंच सुटा करायचं काम सुरू झालं होतं. एक माणूस शिडीवर चढून दिव्यांच्या माळा उतरवत होता, आणि मऊ जमिनीवर शिडी एका अंगाला डुलत होती. वस्तादांनी हातातली पिशवी बायकोकडे दिली. ते गेले, खालच्या पायरीवर एक पाय रोवला, आणि दोन्ही हातांनी शिडी धरून वर बघत उभे राहिले. वरच्या माणसाने खाली पाहिलं नाही. तो हात लांबवून पुढचा दिवा सोडवायला लागला.

न मिटलेली एकच खुर्ची उरली होती, तिच्यावर बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली. माळा बऱ्याच होत्या. तिने हाक मारली नाही.