बाबांचं ‘छान होतं’

गेल्या सात महिन्यांत बाबांनी आणि मी मिळून एकोणीस सिनेमे आणि दोन मालिका पाहिल्या. सगळ्यांवर बाबांचं मत एकच: छान होतं.

हे दोन शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हाच माणूस एकेकाळी मध्यंतरातच दिग्दर्शकाचे वाभाडे काढायचा. नायिका उगाच धावत आली की म्हणायचा, "हिच्या घरी दूध उतू चाललंय वाटतं." तीस वर्षं बाबांनी कारखान्यात लेथवर लोखंड कातलं. कुठे काय मापात बसत नाही ते त्यांना लगेच दिसायचं, मग तो लोखंडाचा दांडा असो की सिनेमाची गोष्ट. आई गेल्यावर शुक्रवारी दुपारी एकत्र काहीतरी बघायचं आणि नंतर चहा गार होईपर्यंत भांडायचं, असा आमचा नेमच झाला. खरं सांगायचं तर सिनेमा हे निमित्त होतं. मला ते भांडण हवं असायचं.

आणि आता? लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दोन भावांचा एक सिनेमा आला होता. धाकटा बंद पडलेल्या लिफ्टमध्ये थोरल्याची माफी मागतो, तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडले. बाबांना विचारलं, कसा वाटला? छान होता. मग ती हॉस्पिटलची मालिका. आठ भागांत एकही डॉक्टर हात धुताना दिसत नाही, आणि नर्सबाईंचे केस मात्र चोवीस तास ड्यूटी करूनही जागच्या जागी! मी म्हटलं, "भिकार आहे." बाबा म्हणाले, "भिकारच." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पलटले, "तशी बरी होती हो." तर म्हणे, "हो, छान होती." भिंतीशी बोललं तर निदान आवाज तरी घुमतो.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "या वयात माणसं मऊ होतात गं. तू उगाच त्रागा करून घेतेस." मला मऊ बाप नको होता. आणि मनात येऊ नये ते यायचं. वाटायचं, हे आपली समजूत काढतायत, लहान पोरीचं चित्र बघून ‘छान हं’ म्हणतात तशी.

माझं काम सबटायटल लिहिण्याचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. संवाद तर लिहायचेच, पण दार करकरलं, लांब कुत्रं भुंकलं, शेजारच्या खोलीत कुणी मुसमुसलं, तर तेही खाली उमटलं पाहिजे. दिवसभर हेडफोन लावून हे केलं की घरी आल्यावरही डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात. दुसऱ्या कुणाची सबटायटल दिसली तर विचारूच नका. इथे काना राहिला, तिथे नटाने तोंड उघडायच्या आधीच वाक्य येऊन बसलं. सिनेमा राहतो बाजूला आणि मी तपासनीस होऊन बसते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच मी घरच्या टीव्हीवरची सबटायटल बंद करून टाकली. "घरी तरी नको ही कटकट." बाबा म्हणाले होते, "असू दे की. काय बिघडतं?" मी म्हटलं, "माझं बिघडतं." रिमोट माझ्या हातात होता. विषय संपला.

सिनेमा बोलका करत नाही तर निदान गाणं करेल, असा विचार करून गेल्या रविवारी मी बाबांना एका कार्यक्रमाला नेलं. संगीत हा बाबांचा जुना हट्टाचा प्रांत. सूर तसूभर हलला तरी त्यांचे ओठ वाकडे व्हायचे. म्हटलं, इथे तरी एखाद्याची सालं काढतील.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह, दुपारची वेळ. स्टेजवर एकटा कीबोर्ड वाजवणारा, साठीचा, पायात दोन रंगांचे मोजे. आम्ही शेवटून दुसऱ्या रांगेत. वाजवत मात्र तो असा होता की तिसऱ्या गाण्यापर्यंत मी माझा राग विसरले. आणि चौथं ऐन रंगात आलं असताना कुठलीतरी वायर निसटली. स्पीकर ठप्प. त्याची बोटं तशीच जोरात फिरत राहिली, त्याला कळायला काही क्षण गेले, आणि सगळ्या सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

त्या शांततेत बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "वा! काय हात आहे!"

हशाचा स्फोट झाला. सगळ्यांत जास्त मी हसले. मला वाटलं, आला! माझा बाप परत आला, काय टोमणा मारला! त्यांच्या पाठीवर थाप मारणार, एवढ्यात त्यांच्या गुडघ्यावर नजर गेली. त्यांचं बोट ठेका धरत होतं. वादक हात उचलून वायर शोधायला वाकला, तेव्हा कुठे ते थांबलं. बाबांनी हसणाऱ्या लोकांकडे गोंधळून पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हसत होते, म्हणून तेही हसले.

उरलेला कार्यक्रम मी ऐकला नाही. खाली उतरताना जिन्यातच त्यांना अडवलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ऐकू येत नाही ते!" मी ओरडले. वरून उतरणारं एक जोडपं कठड्याला चिकटून निघून गेलं.

"येतं थोडं," बाबा म्हणाले. "डाव्या कानाने. तू समोर बसून बोललीस की कळतं. टीव्हीतली माणसं कुठे समोर बसून बोलतात? खाली लिहून यायचं तोवर चाललं होतं."

"मग तेव्हाच सांगायचं नाही?"

"म्हटलं की. असू दे म्हटलं."

"एकदा! एकदा म्हटलंत! सात महिने गप्प बसलात!"

"तू दिवसभर तेच करून दमतेस, ठमे. घरी येऊन बापासाठी पुन्हा तेच? शिवाय तू लगेच डॉक्टरकडे फरफटत नेलं असतंस."

"नेलं असतंच. उद्या नेणार आहे."

"बघ," बाबा म्हणाले.

मला संताप आला होता. त्यांचा राग आला, पण त्याहून जास्त माझा आला. कुठल्या कोण अनोळखी माणसांना कुत्रं भुंकलेलं कळावं म्हणून मी जिवाचा आटापिटा करते, आणि माझ्या सोफ्यावर माझा बाप सात महिने मुका सिनेमा बघत बसला होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"मग बघत काय होतात एवढे एकोणीस सिनेमे?"

"तुला बघत होतो," ते साधेपणाने म्हणाले. "तू हसलीस की विनोद झाला. नाक ओढलंस की दुःख. पाय हलवायला लागलीस की सिनेमा पडला."

म्हणजे मी इतके दिवस माझंच मत माझ्याच तोंडावरून परत ऐकत होते. "एकही धड बघितला नाहीत तर!"

"एक बघितला. तू झोपलीस तो. नावेचा." त्यांचा चेहरा उजळला. "तू घोरत होतीस, मग कुणाकडे बघणार? सगळा एकट्याने बघितला. उत्तम सिनेमा. कुठे एक दोरा इकडचा तिकडे नाही."

त्या सिनेमाची सबटायटल मीच लिहिली होती, म्हणून तर झोप लागली. "सांगा बरं गोष्ट," मी म्हटलं.

"म्हातारा नाव चालवतो. मुलगी पलीकडच्या काठावर राहते. रोज येते, कडाकडा भांडते, बस झालं आता, सोड हे, म्हणते. तो काही बधत नाही. शेवटी त्याचे हात थकतात तेव्हा तीच वल्हं घेते."

"मुलगी नाही ती! परवाने तपासणारी अधिकारी आहे. नाव जप्त करायला येते. प्रत्येक वाक्य मी लिहिलंय, बाबा, मला पाठ आहे!"

"अधिकारी?"

"अधिकारी!"

बाबा पायरीवर थांबले. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर ती आठी उमटली. "मग तुझा दिग्दर्शक मूर्ख आहे. अधिकारी कशाला एवढी चिडेल? नोटीस चिकटवेल नि जाईल घरी. ही रोज चिडते, आणि रोज परत येते. मुलगीच आहे ती."

मी दोन पायऱ्या खाली उतरून त्यांच्या समोर उभी राहिले, ओठ दिसतील अशी. "अधिकारीच आहे," मी म्हणाले. पण रडू फुटलं होतं, शब्द धड आकाराला येईनात.

"काय?" बाबा वाकून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले. "नीट बोल गं. कळत नाही."