नाकावर उतरलेलं गोंदण

नवऱ्यानं संशयापायी विळ्यानं माझं नाक कापलं. तो तुरुंगात गेला आणि मी लोणावळ्याच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली आणि तिचं नाक केलं. भुवयांच्या मधे एक चिंचोळा जोड मात्र तसाच ठेवला, नाकाला रक्त तिथनंच मिळतं म्हणून.

काल आंबीहून सासूबाई आल्या, कुंकवाचा करंडा घेऊन.

"सवाशिणीनं मोकळ्या कपाळानं ऱ्हाऊ न्हाई," म्हणाल्या आणि थबकल्याच. कपाळाला बँडेज होतं. लहानपणी गोंदलेला हिरवा ठिपका, ज्यावर मी रोज कुंकू लावायची, तो नाकावर उतरला होता.

"आगं बया, आता लावू तरी कुटं?" असं म्हणत त्यांनी त्या ठिपक्यावरच बोट टेकवलं.

मी दचकले. बोट नाकावर होतं आणि मला जाणवलं कपाळावर, बँडेजच्या आत! माझं नाक कुठलं नि कपाळ कुठलं? लेकानं नाक कापायचं, आईनं त्याच्याच नावाचं कुंकू त्या नाकाला लावायचं, आणि ते जाऊन भिडायचं माझ्या कपाळाला? डोकंच चालेना.

तेवढ्यात डॉक्टर तपासायला आले. मी त्यांना विचारलं.

"जोड आहे तोवर असंच होणार," ते म्हणाले. "आठवड्यानं तो कापू. मग नाकाला लावलेलं कपाळाला कळायचं नाही."

सासूबाई करंडा उघडत होत्या.

"डॉक्टर," मी म्हणाले, "आजच न्हाई का कापता येणार?"