मिशाळ पहारेकऱ्याची गोळी

"ऊन खा" असं सांगणाऱ्या माणसाला वैशाखात एस्प्लनेडच्या भर चौकात उभं करून पोटभर ऊन वाढावं, असं माझं मत आहे. सुनेची थोरली बहीण, मंगलाताई, नागपूरहून आमच्या न्यू टाउनच्या घरी आली होती. सकाळी तिने बाल्कनीत चटई अंथरली आणि माझ्या नातीला, ऋताला, हाक मारली.

"ये गं, कोवळं ऊन खा. गालावरची लाली बघ कशी पळते."

"मावशी, मला ल्यूपस आहे. उन्हाने वाढतो तो."

"नागपूरची आहे मी, मला ऊन शिकवतेस? आणि आता बरी झालीस की! म्हणून तर तुझा गोळ्यांचा डबा ठेवून दिलाय मी. जन्मभर का गोळ्या गिळायच्या?"

ऋताचा चेहरा पांढरा पडला. गालांवरचा ल्यूपसचा फुलपाखरासारखा चट्टा तेवढा लाल राहिला. मागच्या पावसाळ्यात अशाच कुणाच्या सल्ल्याने गोळ्या सोडल्या, तर किडनीला सूज येऊन पोरगी आयसीयूत पोचली होती.

"डबा दे! बरी नाही झाले मी, गोळ्यांनी दबलाय तो. हा जात नसतो, मावशी!"

मंगलाताई चटईवरून हलेना.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं की मी थापा मारतो.

"मंगलाताई, सियालदह स्टेशनाजवळच्या बाजारात माझ्या दुकानावर एक पहारेकरी होता. मिशीचं एक टोक फलाटावर, दुसरं अडीच-तीन किलोमीटरवर, एस्प्लनेडला. वाघसुद्धा वळसा घालून जायचे. एक दिवस त्याला कोण चोर, कोण मालक, तेच कळेना. मलाच धोपटायला लागला."

"अगंबाई! हाकलला नाहीत, आबा?"

"तो गेला तर खरे चोर शिरतील ना! रोज गोळी देऊन गुंगीत ठेवायचा. ऊन लागलं की मिशी फुरफुरायची, पुन्हा सोटा. आणि गोळी राहिली तर..."

"नका हो राहू देऊ गोळी!"

"तोच पहारेकरी ऋताच्या रक्तात आहे, रोगांपासून राखणारा, पण तिच्यावरच उलटलेला. त्याची गोळी तुम्ही लपवलीत."

मंगलाताई धडपडत उठली. डबा तांदळाच्या पिंपातून निघाला.

ऋताने गोळी घेतली आणि पडदा असा ओढला की कड्याच निखळल्या. "इतकी वर्षं रिपोर्ट दाखवून खरं सांगतेय, ते पटलं नाही. आबांची थाप पटली!"

मंगलाताईने खाली पडलेल्या कड्या गोळा केल्या. मग हळूच, "आबा, मिशी खरंच एस्प्लनेडपर्यंत?"

"चालत जाऊन मोजा," मी म्हणालो. "भर उन्हात."