तीन वाजताचा फोन

मित्रांनो, मी एक जुना, काळा, चकती फिरवायचा टेलिफोन आहे. खरे तर जन्मापासून सुरुवात करायला हवी. पण मला आधी १९९९ च्या फेब्रुवारीतला एक मंगळवार सांगायचा आहे, कारण त्या दिवशी काहीच घडले नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत, दोन खोल्यांच्या घरात मी राहत होतो. घर ज्ञानदेवतात्यांचे. ते कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी होते. कारखान्यात जे घडेल ते वर्तमानपत्रांना कळवणे, हे त्यांचे काम. त्या दुपारी तीन वाजता त्यांनी रोजच्यासारखा बारामतीच्या नागेशला फोन लावला. नागेश पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होता.

"अध्यक्षांचं भाषण पाठवलंय. चार पानं आहेत."

"चार? तात्या, आमच्याकडं एवढी जागा जाहिरातीला बी न्हाय."

"पहिला परिच्छेद घे. बाकीच्यात भजी बांध."

"व्हय, पण तेलकट व्हायच्या आधी एकदा वाचीन."

तात्या हसले. त्यांची मुलगी रश्मी बारामतीच्या शाळेत शिकवत असे. ती त्या दिवशी घरी आली होती आणि मेथी निवडत बसली होती. तिने विचारले, "बाबा, चहा टाकू?" ते म्हणाले, "अर्धाच." मग त्यांनी खिशातल्या रुमालाने माझी चकती पुसली आणि ते कामावर गेले. एवढाच तो दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकाशी त्यांच्या छातीत कळ आली. बारामतीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते गेले होते.

आता माझा जन्म. बंगळूरच्या एका कारखान्यात माझे सुटे भाग जुळले. पुण्याच्या गोदामात मी वर्षभर धूळ खात पडलो आणि १९८६ साली या घरी आलो. तार जोडून झाल्यावर लाइनमन मोहनराव म्हणाले, "साहेब, आता घराला दारं दोन झाली. ह्याला मातर कडी न्हाय."

तात्यांना ते पटले असावे. मी वाजलो आणि ते घरी असले, तर ते उठत. त्यांची पत्नी शालनताई ताट वाढता वाढता म्हणत, "आधी ह्यालाच वाढते, मग तुमाला." तात्या हात धुऊन येत आणि बोलत. माहीत नसेल तर "माहीत नाही, चार वाजता सांगतो" असे म्हणत आणि चारला स्वतः फोन करत. नागेशचे बातम्यांचे पाकीट साडेचारच्या एसटीने पुण्याला जाते, हे त्यांना पाठ होते. त्यानंतर आलेली माहिती कितीही खरी असली तरी त्याच्या उपयोगाची नसते, असे ते म्हणत. दिवाळीत पत्रकारांना साखरेची पोती पाठवायची कारखान्याची रीत त्यांनी भांडून बंद पाडली. "चांगली बातमी त्यांना शोधू दे," ते रश्मीला एकदा म्हणाले होते, "वाईट आपण सांगायची." तेव्हा रश्मी लहान होती. तिला वाटे, बाबा आपल्यापेक्षा त्या नागेशकाकांशीच जास्त बोलतात.

मित्रांनो, आता मला माझ्या आयुष्यातली एक दुपार सांगायची आहे.

१९९१ चा डिसेंबर होता. रश्मी दहावीत होती. कारखान्यात वाफेची नळी फुटली आणि दोन कामगार भाजले. एक जण गेला. दुसरा, शेळगावचा बिरदेव, बारामतीच्या दवाखान्यात होता. सकाळी तात्यांनी दवाखान्यातूनच नागेशला सांगितले होते, "एक गेला, एक जखमी आहे. नावं आत्ता देत नाही, घरच्यांना आधी कळू दे. तीनला माझ्या घरी फोन कर." अध्यक्षांच्या कचेरीतून गप्प राहायचा निरोप आला, त्यालाही त्यांनी उत्तर दिले होते, "आपण नाही सांगितलं तर बाजार सांगेल."

दोन वाजता ते घरी आले. दीड दिवस त्यांनी पाठ टेकली नव्हती. शालनताई गेलेल्या कामगाराच्या घरी बसायला गेल्या होत्या. "तीनला नागेशचा फोन येईल. मला उठव," एवढे रश्मीला सांगून ते खुर्चीतच झोपले. पायांत बूट तसेच होते.

तीनला मी वाजलो. एक घंटी पुरी व्हायच्या आत रश्मीने मला उचलले.

"तात्या हायत का?"

तिने खुर्चीकडे पाहिले. तात्यांचे तोंड जरासे उघडे होते.

"बाबा घरी नाहीत."

"कुठं गेलेत?"

"माहीत नाही."

मग तिने रिसीव्हर माझ्यावर ठेवला नाही. हळूच शेजारी टेबलावर आडवा ठेवला. त्यानंतर नागेशने चार वेळा फोन लावला आणि चारही वेळा मी मुका होतो. पोरीने हे मायेने केले, हे मला कळत होते. पण एसटी साडेचारला सुटते, हेही मला माहीत होते.

तात्या पाचला दचकून उठले. त्यांनी घड्याळ पाहिले, आडवा पडलेला रिसीव्हर पाहिला. तो जागेवर ठेवून त्यांनी नंबर फिरवला. नागेश पाकीट घेऊन कधीच स्टँडवर गेला होता. 

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मृत म्हणून बिरदेवचे नाव छापून आले. घरची पुरुषमाणसे दवाखान्यात होती. बायको जयवंता तान्ह्या लेकराजवळ शेळगावीच होती. रात्रीतून नवरा गेला असेल, असेच गावाला वाटले. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले. दुपारी तात्या स्वतः जीप घेऊन गेले आणि तिला दवाखान्यात घेऊन आले. बिरदेवने डोळे उघडले आणि पहिले विचारले, "हात मोकळं का गं तुझं?" हे मी शालनताईंच्या तोंडून ऐकले. 

संध्याकाळी नागेश घरी आला. बसला नाही.

"तात्या, तुमी तीनला देतो म्हणालात. पोरगी म्हणती घरी न्हायीत. चारदा लावला, फोन लागंना. गाडी सुटाय आली, मग कारखान्याच्या फाटकावरच्या पानवाल्याला फोनवर गाठून नाव घेतलं. मी त्या बाईला तोंड कसं दावू?"

"मी घरात होतो," तात्या म्हणाले.

"मग?"

रश्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तात्यांनी तिच्याकडे पाहिले नाही.

"तिला मीच तसं सांगायला लावलं."

"वरून दाबलं व्हय तुमाला?"

"नाही. चूक माझी आहे."

नागेश चहा न घेता गेला. आणि ज्या घरातून पत्रकाराशी कधी खोटे बोलले गेले नव्हते, त्या घरातून लागोपाठ दोन दिवसांत दोनदा खोटे बाहेर पडले.

पुढच्या दिवसापासून तात्या रोज तीन वाजता नागेशला फोन करू लागले. नागेश "बोला" म्हणे, ऐकून घेई आणि ठेवून देई. चौदा महिने असेच गेले. मग एकदा तात्या म्हणाले, "गोदामात पाणी शिरलं. दोनशे पोती भिजली. हलगर्जी आमची आहे."

"आणि हे तुमीच सांगताय?"

"मग कोण सांगणार, पानवाला?"

मग नागेश हसला. चौदा महिन्यांनी माझ्या तारेतून त्याचे हसू आले होते. पण १९९१ च्या त्या दुपारी खरे काय झाले, ते त्याला कुणीच सांगितले नाही. रश्मी पुढे शिकली, नोकरीला लागली. घरी आली की माझ्यावरची धूळ ती आवर्जून पुसायची, पण नागेशचा फोन आला की उठून आत जायची.

कचेरीत बटणांचे फोन आले. शेजाऱ्यांकडे आले. माझी चकती अडकू लागली, तरी तात्यांनी मला बदलले नाही.

ते गेल्यावर पाचव्या दिवशी दुपारी मी वाजलो. रश्मीने उचलले.

"रश्मी, नागेशकाका बोलतोय. तात्यांवर लिहिलंय. आज फॅक्स करायचंय. एक वाक्य ऐक, ठेवू का काढू सांग." त्याने घसा साफ केला. "'तेरा वर्षांत ते माझ्याशी एकदाच खोटं बोलले.' काढलं तर मजकूर गुळगुळीत हुतो, आणि गुळगुळीत त्यांना चालायचं न्हाय. पण तू लेक हायस. तू म्हणशील तसं."

रश्मीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना फार काही लागत नाही. धूळ पुसा, तारेला पीळ पडू देऊ नका. पण माझ्यात टाकलेला शब्द मी परत आणून देऊ शकत नाही, एवढे ध्यानात ठेवा. कुणी वाट पाहत असेल, तर त्याला वेळेत खरे सांगा. उशीर झालाच असेल, तर उशिरा सांगा, पण सांगा.

"काका," रश्मी म्हणाली, "त्या दिवशी बाबांनी मला काहीच सांगायला लावलं नव्हतं. उठव म्हणून ते झोपले होते. मी उठवलं नाही. घरी नाहीत, हे मी माझ्या मनानं सांगितलं. फोनही मीच काढून ठेवला. ते तुमच्याशी खोटं बोलले ते दुसऱ्या दिवशी, माझ्यासाठी. ते वाक्य राहू द्या, काका. त्याच्यापुढं माझं नाव लिहा, आणि मी काय केलं तेही."