डोळ्यातला ठिपका

"ही? ही ब्रश धुते."

एवढंच म्हणाले मास्तर. हसत हसत, जाता जाता. वर्तमानपत्राचा माणूस दुकानात आला होता, भिंतीवरची चित्रं बघून पार खुळावला होता, आणि आपल्या ताईकडे बोट दाखवून त्यानं विचारलं होतं, "या काय करतात?" आणि ताईच्या हातात, अहो, त्याच क्षणी रंगाचा ब्रश होता! समोरच्या कॅनव्हासवर कुणाच्या तरी आजोबांचं अर्धं नाक रंगवून झालं होतं!

दुकान मास्तरांचं. लोक फोटो आणून द्यायचे, इथं त्याचं मोठं तैलचित्र व्हायचं. नाक, कान, कॉलर, सुरकुत्या, सगळं ताई करायची. मास्तर यायचे शेवटी. गिऱ्हाईक समोर बसवायचे, खिशातून बारीकसा ब्रश काढायचे, श्वास रोखायचे आणि दोन्ही बुबुळांवर एकेक पांढरा ठिपका. टिक, टिक. झाले डोळे जिवंत! मग कोपऱ्यात झोकदार सही. "हात काय, कुणीही चालवतो. जीव मी घालतो," असं म्हणायचे. गिऱ्हाईक रडायचं. खरंच रडायचं हो.

ताई घरी आली ती धुमसतच. "आई, मी ब्रश धुते म्हणे!"

आई खिडकीत बसून काहीतरी उसवत होती. मानही वर केली नाही तिनं. "मग स्वतःचं एक तरी चित्र दाखव. पलंगाखाली सगळी अर्धीच आहेत. केर काढायचा म्हटलं तर झाडू अडकतो."

हे जास्त झोंबलं, कारण खरं होतं. कुठंतरी फुलं बघितली की ताई फुलं काढायची, होड्या बघितल्या की होड्या. चार दिवस भारी उत्साह, मग मन दुसरीकडे. आणि माणसं काढायला बसली की हात आपोआप दुकानातलं गुळगुळीत नाक काढून मोकळा.

आणि मग आली संधी. व्यापाऱ्यांच्या सभागृहात मास्तरांचा सत्कार ठरला. तिथं कायमचं लावायला त्यांचं चित्र हवं होतं, तेही त्यांनी स्वतः काढलेलं. मास्तरांनी ताईला पडद्यामागं बोलावलं. "मी बसतो, तू उरकून टाक. बाहेर चकार शब्द नको."

"उरकते की," ताई म्हणाली. "फक्त दिव्याखाली नको. टक्कल चमकतं तुमचं. खिडकीपाशी बसा."

टक्कल म्हटल्यावर मास्तर टुणकन उठून खिडकीपाशी!

आता काय झालं बघा. सूड घ्यायचा तर माणूस नीट बघायला लागतो. ताई बघायला लागली. डोळ्यांत तेल घालून. समोर जिवंत माणूस तिनं पहिल्यांदाच बसवला होता. मास्तरांचं हसू ओठांवर आधी यायचं आणि गालांपर्यंत पोचायचंच नाही. उरल्यासुरल्या केसांना लावलेला काळा रंग कपाळावर किंचित उतरलेला. पोझ म्हणून हातात धरलेला ब्रश, आणि त्याचा एक केससुद्धा वाकलेला नाही! तिनं सगळं काढलं. दात-ओठ खात काढलं. फुलं नाहीत, होड्या नाहीत, दुसरं काही सुचेचना. रागानं तिचं मन असं खुंटीला बांधून ठेवलं की सुटायचं नावच नाही. दुकानातलं ते गुळगुळीत नाक कुठल्या कुठं गेलं.

मास्तरांनी पाहिलं, तर केस काळे, पोट आत. "वा," म्हणाले, "माझा हात उचललास की."

फ्रेमा करणारा सुतार मात्र चित्रासमोर किती तरी वेळ उभा राहिला. त्याच्यापासून काय लपणार?

"ताई, बाकी सगळी दुकानाची होती. हे तुझं आहे गं." मग तो पुढं वाकला. "पण डोळे कोरेच ठेवलेस?"

"ठिपका ते देतात ना. सभागृहात, सगळ्यांसमोर."

"अगं, पण आपल्याकडे येणारे सगळे फोटो स्टुडिओतले, उजवीकडच्या दिव्यातले. त्यांचा ठिपका कायम उजवीकडे पडतो. इथं उजेड डावीकडून आलाय!"

"जीव ते घालतात," ताई म्हणाली. "घालू देत."

सुतार तिच्याकडे बघतच राहिला. "आणि चित्र मरेल त्याचं काय?"

त्या प्रश्नानं ताईला पार पोखरलं हो. जन्मात पहिल्यांदा काहीतरी पुरं झालं होतं, आणि त्याचाच बळी द्यायचा होता. 'मास्तर, डावीकडे.' दोनच शब्द होते. ते जिभेवर घेऊनच ती सभागृहात जाऊन मागं उभी राहिली.

पडदा सरला. सभागृह गप्प झालं, कौतुकानं. मास्तरांनी रंगाची छोटी पेटी उघडली, ब्रश काढला, श्वास रोखला. ताईचे ओठ उघडलेसुद्धा. तेवढ्यात मास्तर लोकांकडे वळून म्हणाले, "हात काय, कुणीही चालवतो..."

ताईनं ओठ मिटले.

टिक, टिक. उजवीकडे.

चेहऱ्यावर ऊन एकीकडून, डोळ्यांत चमक दुसरीकडून! तो जिवंत, लबाड, खराखुरा माणूस एकदम काचेच्या डोळ्यांचा झाला. पुढच्या रांगेत मास्तरांची नात बसली होती, ती मोठ्यानं म्हणाली, "आजोबांना दिसत नाही का?" मास्तरांनी घाईघाईनं चिंधीनं पुसलं. ओला पांढरा रंग तो, पसरला. दोन्ही बुबुळं दुधाळ. आणखी पुसलं, आणखी पसरला. लोक खुसखुसायला लागले. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि गर्दीत ते कुणाला शोधत होते माहितीये?

"अगं... ये ना जरा. बघ ना हे." ब्रश त्यांनी पुढं केला. सगळ्यांदेखत.

ताई सावकाश वर गेली. सुतारानं श्वास रोखला, म्हणजे मला त्यानंच सांगितलं हे. तिनं ब्रश घेतला. चित्राकडे एकदा बघितलं, शेवटचं. मग मास्तरांच्या पेटीतली टर्पेंटाइनची बाटली उघडली, ब्रश त्यात बुडवला, खळखळून धुतला, चिंधीला पुसला, बोटांनी त्याचं टोक नीट केलं. आणि मास्तरांच्या वरच्या खिशात अलगद ठेवून दिला.

"धुतला," ती म्हणाली. आणि निघाली.

आता ताई दुकानात जात नाही. परवा मी तिच्या घरी गेलो तर आई खिडकीत, आणि समोर ताई. चित्र जवळजवळ पुरं झालेलं. नाक आईचंच, कपाळावरची आठीसुद्धा तिचीच. फक्त डोळे कोरे.

"अगं, लाव ना तो ठिपका एकदाचा," आई कुरकुरली. "मान अवघडली माझी."

ताईचा हात हवेत थांबलेला. इतकी वर्षं इतके डोळे काढले, पण ठिपका तिनं कधी दिलाच नव्हता.

"हलू नकोस," ती म्हणाली, आणि आईच्या डोळ्यात ऊन नेमकं कुठं पडलंय ते बघत राहिली.