दोन जावा, एक कॉम्प्युटर

घरात कॉम्प्युटर एकच आणि त्यावर हक्क थोरलीचा. गेली नऊ वर्षं ती मागच्या खोलीत भरतकामाचं मशीन चालवत होती. शाळांचे बॅज, डॉक्टरांच्या कोटांवरची नावं, जर्सीवरचे वाघ-सिंह, सगळी डिझाइनं त्या कॉम्प्युटरच्या पोटात. मशीनचं सॉफ्टवेअर जुनाट, विंडोजशिवाय हलायचं नाही. धाकट्या जावेला मात्र सोमवारपासून घरबसल्या काम मिळालं होतं आणि त्या कंपनीला हवी होती विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टीम.

"दोन्ही एकत्र नांदतील, ताई," धाकटी म्हणाली होती. "सुरू करताना विचारेल, कुठलं हवं. तुम्ही तुमचं निवडा, मी माझं."

"आपल्यापेक्षा बरं नांदतील म्हणायचं! पण माझ्या डिझाइनांना धक्का नको."

"आधी सगळ्याची दुसरी प्रत काढते ना!"

शनिवारी सकाळी थोरली दोरे आणायला निघाली. चप्पल घालता घालता तिने विचारलं, "प्रत झाली का गं?"

पेन ड्राइव्ह अर्ध्यावरच भरून गेला होता. मोठी डिस्क आणायची तर आणखी तासभर मोडणार. धाकटीला धीर कुठला! लग्न होऊन आली तेव्हापासून तिची हीच तऱ्हा, चहासुद्धा उकळायच्या आत गाळायची.

"हो, झाली," ती बोलून गेली.

थोरली गेली आणि धाकटीने काम सुरू केलं. भाषा, घड्याळ, कीबोर्ड. एकेक प्रश्न येत होता, ती भराभरा 'पुढे' दाबत होती. मध्ये एका पानावर दोन पर्याय होते. एक, जुन्या सिस्टीमशेजारी नवी बसवा. दुसरा, संपूर्ण डिस्क पुसून नवी बसवा. नेमका त्याच वेळी फोन वाजला. कंपनीच्या बाई सोमवारची वेळ सांगत होत्या. फोन कानाशी धरूनच तिने काहीतरी निवडलं आणि पुढे गेली.

वीस मिनिटांनी कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. काही न विचारता थेट नवी सिस्टीम उघडली. धाकटीला विंडोजचं नावही कुठे दिसलं नाही.

तिने पुन्हा बंद करून सुरू केला. पुन्हा तेच. मग ती आठवू लागली, कुठला पर्याय दाबला? वरचा की खालचा? फोनवरचं 'साडेनऊ' आठवत होतं, बोट कुठे गेलं ते काही केल्या आठवेना. स्क्रीनच्या कडेला फाइलींचं चिन्ह होतं. ते दाबलं की एका क्षणात कळलं असतं. तिचा हातच पुढे होईना. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली. मशीनवरचं कापड घडी घातलेलंच होतं, ते उलगडून तिने पुन्हा घडी घातली.

तेवढ्यात दार वाजलं. थोरली दोऱ्यांची पिशवी घेऊन थेट मागच्या खोलीतच आली.

"झालं का? आज चाळीस बॅज काढायचेत मला."

"ताई, तुमचं विंडोज दिसत नाहीये."

"म्हणजे?"

"बहुतेक पुसलं गेलं. नक्की माहीत नाही."

थोरली पिशवीसकट स्टुलावर बसली. "बरं. प्रत आहे ना?"

आता 'हो' म्हणून बाजारात पळता आलं असतं. पण कोरी डिस्क आणून त्यात घालणार काय? "नाही," धाकटी म्हणाली. "अर्धीच झाली होती. मी तुमच्याशी खोटं बोलले."

थोरलीचा चेहरा लालबुंद झाला. ती ओरडली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं.

"मग बघितलंस का, आहे की गेलं?"

"भीती वाटते."

"भीती मला वाटायला हवी! सरक." थोरलीने माउस हातात घेतला. "कुठे दाबू?"

धाकटीने बोट दाखवलं. स्क्रीनवर खिडकी उघडली. तिच्यात डिस्कचा जुना भाग, त्यात थोरलीच्या नावाचा फोल्डर, आणि त्यात एकाखाली एक वाघ, सिंह, शाळा, डॉक्टर. धाकटीला रडूच फुटलं.

"रडतेस कसली? माझं विंडोज दे आधी."

नव्या सिस्टीममध्ये शेजारची सिस्टीम शोधायची सोय मुळात बंदच असते, हे धाकटीला शोधाशोध केल्यावर सापडलं. तिने एक ओळ बदलली, सुरू होताना दिसणारी यादी नव्याने बनवायला लावली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हा काळ्या पडद्यावर दोन नावं आली आणि खाली सेकंद उलटे मोजू लागले.

"हे कशाला घाई करतंय?" थोरली म्हणाली.

"दहा सेकंदांत निवडावं लागतं. नाहीतर माझं उघडतं."

"ते बंद कर. माझं मी सावकाश निवडेन. आणि आता जाऊन मोठी डिस्क आण. पळत नको, चालत जा."

धाकटी पळतच गेली. परतली तेव्हा बॅजचं काम तसंच पडून होतं. थोरली विंडोजमध्ये एकेक डिझाइन उघडून, डोळे स्क्रीनजवळ नेऊन बघत होती.

"सगळी आहेत का?"

"एकशे तीस झाली. निम्मी बाकी आहेत." तिने मान वळवली नाही. "बस इथे. अशी घुटमळू नकोस, मला गरगरतं."

धाकटी स्टुलावर बसली. तरी पाय हलतच होता, आणि दर वेळी एखादं डिझाइन उघडायला जरा उशीर झाला, की ती श्वास रोखून धरत होती.