खिळ्यावरची रोटी

मोहल्ल्यात कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाच्या मुलीची सोयरीक मोडली, कुणाचा म्हातारा अंथरुणाला खिळला, हे मुकद्दसला कित्येकदा त्या घरच्या सुनेच्या आधी कळायचं. तिचं काम घरं विकण्याचं. पण समरकंदच्या जुन्या गल्ल्यांत घराचा विषय काढून घर विकलं जात नाही, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. ज्यांच्या कचेरीत ती कामाला होती ते ओदिल-अका नव्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगायचे, "घर विकायची वेळ आली की माणूस ओळखीच्या माणसाकडे जातो. तू ओळखीची हो. बाकी आपोआप होतं."

तशी ती ओळखीची झाली. लग्नघरी ती पुलावाची गाजरं चिरायला बसायची, आणि तिच्याइतकी बारीक गाजरं गल्लीत कुणाची चिरून होत नसत. वसंतात सुमलकची, गव्हाच्या अंकुरांच्या खिरीची, कढई चुलीवर चढली की ढवळायच्या पाळीला कधी नाही म्हणायची नाही. मयताच्या घरी कमरेला शाल गुंडाळून बायकांच्या रांगेत उभी राहायची आणि रडायची. आणि खरी रडायची, हीच सगळी गोची होती. खोटं रडता आलं असतं तर मुकद्दस सुखी झाली असती. रडता रडता तिच्या मनात एक कोपरा मात्र कोरडा असायचा. म्हातारा गेला, आता वर्षभरात भावाभावांच्या वाटण्या होणार, घर विकायला निघणार, हे त्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं. घरी परतताना तिला स्वतःची शिसारी यायची, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जायची.

घरी म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला एक भाड्याची खोली. नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून सोडलं, भावानं भावजयीच्या धाकानं. त्यामुळे मोहल्ल्यातल्या बायका तिला "आपा, जेवल्याशिवाय जायचं नाही" म्हणायच्या तेव्हा तिला बरं वाटायचं. ते बरं वाटणं कामातलं की आपलं, हा प्रश्न ती स्वतःला विचारत नसे.

सर्वांत बरं वाटायचं सालोमत-खालाकडे. गल्लीच्या कोपऱ्यावर खालाचं मातीच्या भिंतींचं घर होतं. दोन खोल्या, अंगणात एक बिहीचं झाड, आणि फाटक सदा उघडं. खाला एकटी राहायची. पुढचा एक दात पडलेला, म्हणून हसताना तोंडावर हात धरायची. आणि चहा ओतायची घोटभरच. पाहुण्यानं पुन्हा पुन्हा मागावा, लवकर उठू नये, म्हणून तिथे तसाच ओततात. पण खाला जरा जास्तच कंजुषी करायची. मुकद्दस थट्टेनं म्हणायची, "खाला, चहा महाग झाला का हो?" त्यावर खाला म्हणायची, "चहा नाही गं, तू महाग झालीस."

आतल्या खोलीत भिंतीला खिळा ठोकून त्यावर एक रोटी टांगलेली होती. तंदुरातली, जाड, गोल, वाळून दगड झालेली. तिच्या कडेला एक चावा घेतलेला. चावाही नीट गोल नव्हता, मधोमध एक बारीक कंगोरा तसाच राहून गेला होता. घरातला माणूस दूरच्या वाटेला निघाला की रोटीचा एक घास तोडून जातो, आणि उरलेली रोटी तो परत येऊन खाईपर्यंत भिंतीवर राहते. खालाचा मुलगा नरझुल्ला दहा-अकरा वर्षांपूर्वी रशियात मजुरीला गेला. पहिली दोन वर्षं अधूनमधून निरोप आले, नंतर काहीच नाही. गल्लीला ही कथा पाठ होती. खालासमोर कुणी ती काढत नसे.

मग एक हॉटेल बांधणारे आले. त्यांना गल्लीची ती अख्खी बाजू हवी होती, घेतली तर सगळी, नाही तर एकही नाही. बदल्यात शहराबाहेरच्या नव्या इमारतींत फ्लॅट आणि वर रोख. ओदिल-अकांनी काम मुकद्दसवर सोपवलं, आणि दोन महिन्यांत तिनं ते जवळजवळ पुरंही केलं. करणारच. ज्यांच्या घरच्या लग्नांत गाजरं चिरली त्यांच्याच घरी, जेवायला अंथरलेल्या दस्तरखानवर बसून बोलायचं होतं. सगळे हो म्हणाले. एकट्या खालानं नकाराची मान हलवली. घर बदललं तर नरझुल्ला येईल कुठे, एवढंच तिचं म्हणणं.

आता गल्लीच मुकद्दसच्या मागे लागली. शेजारच्या तोलिब-अकांचे दोन मुलगे, दोघांच्या बायका आणि पोरं एका खोलीत पडदा लावून राहत होती. तोलिब-अकांनी एके दिवशी तिला खालाच्या फाटकाशी अडवलं. आवाज चढवला नाही, उलट विनवणीच केली.

"म्हातारी तुझं ऐकते, आपा. आमचं कुणाचं ऐकत नाही. तू लेकीसारखी आहेस तिला. मग लेकीनं नाही समजवायचं तर कुणी?"

ओदिल-अकाही रोज फोन करत होते, आणि आता त्यांच्या बोलण्यातला "गं" गेला होता. मुकद्दसचा जीव टांगणीला लागला. खालाकडे ती रोज जायची, रोज तोंड उघडायचं ठरवायची आणि बिहीचा मुरंबा खाऊन परत यायची. अखेर एका दुपारी ती बसली आणि बोलू लागली. पहिलं वाक्य बोलताना पुढचं वाक्य काय येणार हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"खाला, एक सांगायचं होतं. आधीच सांगणार होते, पण खात्री करून घेतली. उर्गुतला एका लग्नात एक ट्रक ड्रायव्हर भेटला. रशियातल्या चेल्याबिन्स्कहून आलेला. त्याची नरझुल्लाशी गाठ पडली होती."

खालाच्या हातात चहाची किटली होती. तिनं ती खाली ठेवली आणि वर कापड टाकलं.

मुकद्दस बोलतच राहिली. नरझुल्ला खुशाल आहे. कागदपत्रं अडकलीत म्हणून येता येत नाही, आणि इतकी वर्षं गेल्यामुळे फोन करायची लाज वाटते. त्यानं निरोप दिलाय की आईनं त्या थंड घरात राहू नये, घर देऊन टाकावं, चांगल्या गरम फ्लॅटमध्ये जावं. कागद झाले की तो तिथेच येईल. बोलताना तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

खाला तिच्याकडे बघत नव्हती. तिची नजर भिंतीवर होती.

"रोटीबद्दल काही विचारलं त्यानं?"

"विचारलं ना. आधी तेच विचारलं. म्हणाला, मी चावलेली रोटी अजून भिंतीवर आहे का? आईला सांगा, सांभाळून ठेव, येऊन मीच खाणार."

"असं म्हणाला?"

"अगदी असंच."

खाला बराच वेळ दस्तरखानची कड बोटांनी सरळ करत राहिली. मग म्हणाली, "तोलिबला सांग, मी सही करते."

आनंदानं म्हातारीचं भान हरपलं, असं मुकद्दसला वाटलं. निदान तसं वाटून घेणं तिला सोयीचं होतं.

शरद ऋतूत गल्ली रिकामी झाली. सामान नेताना तोलिब-अकांनी स्वतः खालाचा संदूक उचलला आणि मुकद्दसला तोंडभर दुवा दिल्या. नव्या फ्लॅटमध्ये ती खालाबरोबर गेली, आठव्या मजल्यावर. सामान लावून झाल्यावर खालानं उराशी धरून आणलेली रोटी पुढे केली. मुकद्दसनं भिंतीला खिळा लावून हातोडी मारली. खिळा वाकला. दुसरा घेतला, तोही वाकला. त्या भिंती सिमेंटच्या होत्या, मातीच्या भिंतीसारख्या खिळ्याला जागा देणाऱ्या नव्हत्या. मुकद्दस म्हणाली की उद्या ड्रिलवाल्याला घेऊन येते. खाला म्हणाली की काही हरकत नाही, आणि रोटी खिडकीत ठेवली.

तो उद्या आलाच नाही, सगळा हिवाळा गेला. मुकद्दसनं जायचं कितीदा तरी मनावर घेतलं. बाजारात गेली की खालासाठी काही घ्यावं म्हणून थांबायची आणि मग न घेताच पुढे जायची. काय बोलणार होती ती? कागद झाले का, असं खालानं विचारलं तर? गल्लीतल्या इतर बायका आता वेगवेगळ्या इमारतींत विखुरल्या होत्या, कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं, आणि जिथे दारात जाणं नाही तिथे मुकद्दसलाही काम नव्हतं. ओदिल-अकांनी तिला दुसरा मोहल्ला दिला. तिथे पुन्हा गाजरं, पुन्हा मयत, पुन्हा "आपा, जेवल्याशिवाय जायचं नाही." इतकी वर्षं माणसं जोडली आणि जोडली ती सगळी एका सहीसरशी विकून टाकली, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं, आणि तरी पहाटे उठून ती कामाला निघत होती.

वसंत लागला तेव्हा एके सकाळी ती गेली. लिफ्ट बंद होती. आठवा मजला चढून वर आली तर खालाचं दार उघडंच. शेजारपाजारची सगळी दारं लोखंडी आणि बंद, आणि हे एक मोहल्ल्यातल्यासारखं उघडं. खाला वाळली होती. मुकद्दसला बघून तिनं तोंडावर हात धरला आणि हसली. इकडची तिकडची चौकशी न करता चहा ओतला. अजूनही घोटभरच.

मुकद्दसनं मनाशी ठरवून आणलेलं खोटं पुढे केलं, की ड्रायव्हर पुन्हा रशियाला गेलाय, त्याच्याकडून बातमी येईलच. खालानं तिचा हात धरला.

"पुरे गं. त्यानं रोटी चावलीच नव्हती."

मुकद्दसनं चहा खाली ठेवला.

"भांडून गेला तो. मी म्हटलं होतं जाऊ नकोस, तर मला नको नको ते बोलला. मी रोटी घेऊन फाटकापर्यंत धावले. त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. मग लोक विचारतील, रोटी कुठाय, म्हणून घरात येऊन मीच चावली. हा दात तेव्हाही नव्हता. तू रोज बघायचीस ती रोटी. तुला कसं नाही कळलं?"

खिडकीतली रोटी मुकद्दसच्या समोरच होती. चाव्याच्या मधोमधचा कंगोरा तिला दिसला, आणि तिची मान खाली गेली.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं."

"तुझ्या तोंडून शब्द निघाला तेव्हाच."

"मग सही का केलीत?"

खाला रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर मुकद्दसनं पाय धरले असते, आणि ते सोपं गेलं असतं.

"घामाघूम झाली होतीस. मला वाटलं, एवढ्या घामानं खोटं बोलतेय, म्हणजे हिला फारच गरज असणार. पोरीनं पहिल्यांदा काही मागितलं, नाही कसं म्हणू? आणि माझाही स्वार्थ होता. तो काही येत नाही, मला माहीत होतं. म्हटलं, घर गेलं तर जाऊ दे, ही तरी येत राहील."

बाहेर कुठल्यातरी मजल्यावर ड्रिल चालू होतं. मुकद्दसला रडू यायला हवं होतं. परक्यांच्या मयतांत धो धो येणारं रडू इथे मात्र आलं नाही. तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. ओदिल-अका होते. नव्या मोहल्ल्यात एका मोठ्या घरचा म्हातारा सकाळी गेला होता, ताबडतोब पोहोच म्हणत होते.

"जा," खाला म्हणाली. "तुझं काम आहे."

मग तिनं कापडातून एक ताजी रोटी काढली आणि दोन्ही हातांनी मुकद्दससमोर धरली.

"एक घास तोडून जा."

मुकद्दसनं आजवर सगळं केलं होतं. अनोळखी बाळांच्या कपाळावर हात ठेवून दुवा दिल्या होत्या, परक्यांच्या जनाज्यामागे टाहो फोडला होता, कुठेही हात आखडला नव्हता. इथे तिचा हातच उचलेना. चावून पुन्हा न येण्याइतकी ती निर्ढावलेली नव्हती, आणि येईन असं म्हणण्याइतका स्वतःवर विश्वास उरला नव्हता.

"पुढच्या वेळी, खाला," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

खालच्या मजल्यावर पोहोचल्यावर तिच्या लक्षात आलं की शाल वरच राहिली. मयताला जायचं, कमरेला बांधायला शाल हवीच. ती पुन्हा जिने चढली. धापा टाकत दारापाशी आली आणि तिथेच थांबली.

खाला खिडकीपाशी उभी होती. ताजी रोटी दोन्ही हातांत धरून तिनं ती तोंडाला लावली होती. कड कडक होती, दातांना दाद देत नव्हती, म्हणून ती मान तिरकी करून ओढत होती. घास तुटला. तिनं तो सावकाश चावून गिळला, तळव्यानं रोटीच्या कडेचा भुगा पुसला, आणि ती रोटी जुन्या रोटीशेजारी खिडकीत ठेवली. दोन्ही चाव्यांत मधोमध तसाच एकेक कंगोरा.

मुकद्दस आत गेली नाही. आत जाऊन मी आहे म्हणायला फक्त एक पाऊल लागलं असतं. ते तिनं टाकलं नाही. आवाज न करता ती जिना उतरली.

मयताच्या घरी कुणीतरी तिला कमरेला बांधायला ओढणी दिली. ती बायकांच्या रांगेत उभी राहिली, आणि इतका वेळ अडकलेलं रडू तिथे फुटलं. ती अशी रडली की मयताच्या सख्ख्या लेकींनीही वळून पाहिलं, दोघीतिघींनी तिला धरलं, पाणी पाजलं. घरच्या सुनेनं हळूच विचारलं, ही कोण? कुणालाच नीट सांगता येईना.

"असेल कुणीतरी ओळखीची," एक जण म्हणाली, आणि रांग पुढे सरकली.